जुन्या कपड्यांची पारख



थोरल्या भावाचा सदरा धाकट्याने घातला तर ती काटकसर. तसाच जुना सदरा बाजारातून आणला तर मात्र अब्रू जाते! हा न्याय आम्हांला कधी उमगला नाही.

कपडा जुना की नवा, यापेक्षा तो टिकेल किती, हे पाहावे. खरेदी दिवसाउजेडी करावी. कापड उजेडासमोर धरले की कोपरावर, गुडघ्यावर आणि बैठकीच्या जागी ते विरले आहे का, हे चटकन दिसते. मग कपडा उलटा करावा. त्याची खरी हकीकत आतल्या अंगाला असते. शिवणीत माया भरपूर सोडलेली असेल तर तो उसवून सैल करता येतो. काखेतला घामाचा पिवळा डाग सहसा जात नाही, तेथे नाद सोडावा. कॉलर झिजली म्हणून मात्र बिचकू नये, चांगला शिंपी ती उलटवून देतो. बटणांचे तर काय, ती पेटीभर मिळतात. सुती कपडा घरी आणल्यावर गरम पाणी, साबण आणि कडक ऊन. लोकरी स्वेटर उकळत्या पाण्यात घातलात तर तो बाहुलीच्या मापाचा होईल!

आता भावाविषयी. दारावर भांडेवाली येते, जुन्या साड्यांवर पातेले देते, आणि आपण वर एक चमचा मागतो. पुढे ते गाठोडे बाजारात जाते. तेथे कोणी निवडते, कोणी धुते, कोणी रफू करते, इस्त्री फिरवते. कपड्याला भोक असेल तर ते दाखवून भाव अवश्य पाडावा. पण भोकावर सुबक रफू असेल, तर त्या हाताची मजुरी कापू नये. या श्रमाला हजेरीपट नाही की भरपगारी रजा नाही.

मग यांची संघटना कशी व्हायची? अहमदाबादेत ती झाली. १९७१ साली तेथील कापडबाजारात डोक्यावर गठ्ठे वाहणाऱ्या स्त्रियांनी आपली गाऱ्हाणी इला भट्ट यांच्यापुढे मांडली. पाठोपाठ जुने कपडे विकणाऱ्या स्त्रियाही आल्या. त्यांच्याच सभेत एका बाईने आपली स्वतःची संघटना असावी असे सुचविले, आणि ‘सेवा’ जन्मास आली. कामगार खाते म्हणाले, तुम्हांला मालकच नाही, लढणार कोणाशी? उत्तर गेले की, संघटना कोणाविरुद्धच असावी लागते असे नाही. ती कामकऱ्यांच्या एकजुटीसाठी असते. आम्ही उभी हयात कामगारांत काढली, पण इतके नेमके उत्तर क्वचितच ऐकले. एप्रिल १९७२ मध्ये खात्याने नोंदणी केली.