ठिणगी कोठें हरवली?

(नभोवाणीवरील भाषण)



मी कांहीं यंत्रशास्त्रज्ञ नव्हें. मॅट्रिकपलीकडे माझें शिक्षण झालें नाहीं आणि सारा जन्म मुलांना अंकगणित शिकविण्यांत गेला. तरीहि मोटारीच्या एका दुखण्याविषयीं आज चार शब्द बोलण्याचें धाडस करीत आहें. कारण त्या दुखण्यानें मला माझाच जुना धडा नव्यानें शिकविला.

आमच्या घरीं एक प्रीमियर पद्मिनी आहे. माझ्या दिवंगत वडील बंधूंनीं ती १९८६ सालीं घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी ही गाडी एके काळीं मुंबईंत काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें जिकडे तिकडे दिसे. त्यांतली शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. आमची गाडी घरगुती म्हणून टिकली. परंतु पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते, व त्यासाठीं गाडी तपासणीस हजर करावी लागते. ही मुदत जवळ आली असतांच गाडी एके सकाळीं मुकी झाली. सेल्फ मारला कीं इंजिन जोमानें फिरे, पण पेट घेईना.

मिस्त्री आला, त्यानें प्लग बदलले. मग कॉइल बदलली. मग बॅटरीहि नवी घ्या म्हणाला. माझा पुतण्या म्हणाला, "काका, हिच्यांत आणखी किती पैसे घालायचे? भंगारवाला रोख द्यायला तयार आहे." वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या नेहमीप्रमाणें फडकें घेऊन गाडीची कांच पुसतांना दिसल्या. मीं पुतण्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

आतां ही ठिणगी उत्पन्न कशी होते तें पाहूं. बॅटरीचा दाब अवघा बारा व्होल्ट. तेवढ्यानें प्लगच्या फटींतून ठिणगी उडणें नाहीं. म्हणून तो प्रवाह कॉइलमधील जाड तारेच्या थोड्या वेढ्यांतून नेतात व तेथें चुंबकत्व निर्माण करतात. मिस्त्री लोक ज्याला 'डेलको' म्हणतात, त्या डिस्ट्रिब्यूटरमध्यें 'पॉइंट' नांवाची एक चिमुकली कळ असते. ती इंजिनाच्या फिरण्याबरोबर उघडते व मिटते. ती उघडली कीं प्रवाह तुटतो, चुंबकत्व एकाएकीं ओसरतें, आणि शेजारच्या बारीक तारेच्या हजारों वेढ्यांत कित्येक हजार व्होल्टांचा दाब उठतो. मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं शोधून काढलेलें तत्त्व तें हेंच. म्हणजे ठिणगी प्रवाह चालू असतांना पडत नाहीं, तो तुटतांना पडते. एवढें ध्यानांत ठेवावें. पुढील सारा उलगडा त्यांत आहे. मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनांत ही तोडजोड सेकंदाला शंभर वेळां होते!

वर्गांत मुलाचें गणित चुकलें म्हणजे आम्ही नुसतें उत्तर खोडीत नसूं. कोणत्या पायरीपर्यंत तें बरोबर आहे हें पाहूं. येथेंहि तेंच केलें. गाडी न्यूट्रलमध्यें घालून हातब्रेक ओढला. पेट्रोलचा वास कोठें येत नाहीं याची खात्री केली, कारण उघड्या पेट्रोलजवळ ठिणगी म्हणजे आगीला आमंत्रण. मग एक प्लग काढून त्याच्या वायरीला जोडला व त्याचें अंग इंजिनाच्या धातूला टेकवून पुतण्याला सेल्फ मारावयास सांगितलें. ठिणगी नाहीं. मग कॉइलपासून डेलकोच्या झाकणाच्या मध्यांत येणारी जाड वायर काढली आणि सुक्या, रबरी मुठीच्या पकडींत धरून तिचें टोंक धातूपासून पाव इंचावर ठेवलें. येथेंहि ठिणगी नाहीं. येथें ती दिसती, तर झाकण, त्याखालचा रोटर किंवा प्लगच्या वायरी दोषी ठरत्या. आतां संशय मागें सरकला. (ही परीक्षा उघड्या हातानें कोणीं करूं नये, आणि ज्यांच्या हृदयास पेसमेकर बसविलेला आहे त्यांनीं तर जवळहि उभें राहूं नये.)

पुढचें काम बारा व्होल्टांच्या एका लहान दिव्यानें झालें. त्याची एक वायर इंजिनाच्या धातूला बांधली, दुसरी कॉइलच्या किल्लीकडील टोंकाला लावली. दिवा लागला. म्हणजे बॅटरी, किल्ली व तेथवरची वायर निर्दोष. मग ती कॉइलच्या डेलकोकडील टोंकाला लावली. येथें इंजिन फिरतांना दिवा लुकलुकावयास हवा. पॉइंट उघडले कीं लागावा, मिटले कीं विझावा. सतत लागून राहिला तर पॉइंट मिटत नाहींत किंवा जळून काजळले आहेत असें समजावें. आमचा दिवा लागलाच नाहीं.

डेलकोकडे जाणारी बारीक वायर त्या टोंकावरून सोडविली मात्र, दिवा लख्ख लागला! तेव्हां कॉइलमधली तार तुटलेली नव्हती. प्रवाह पुढें कोठेंतरी चोरवाटेनें धातूंत उतरत होता. वायर पुन्हां जोडून झाकण उघडलें. पॉइंट स्वच्छ होते, उघडतहि होते. फट अर्ध्या मिलीमीटरच्या आंत-बाहेर. तरी दिवा विझलेलाच. कंडेन्सर सोडवून पाहिला, फरक नाहीं. आतां राहिली डेलकोच्या भिंतींतून पॉइंटांकडे जाणारी वीतभरहि नसलेली एक वायर. भिंग लावून पाहिलें, तों तिचें वेष्टण वयोमानानें ठिसूळ होऊन झडलेलें आणि उघडें तांबें डेलकोच्या कडेला टेकलेलें! पॉइंट बिचारे उघडत होते, पण प्रवाह त्यांना न विचारतां कडेनें निघून जात होता. तो तुटतच नव्हता. मग ठिणगी कोठून पडणार?

वायर बदलली. किंमत सांगण्यासारखी नाहीं. जुनी कॉइल पुन्हां बसवून पाहिली, तीहि उत्तम चालली. मिस्त्र्यानें आमचें मुद्दाम नुकसान केलें असें मी म्हणत नाहीं; त्यानें उत्तरें बदलून पाहिलीं, पायऱ्या तपासल्या नाहींत इतकेंच. आणि आपण तरी निराळें काय करतों? घरांत कांहीं बिघडलें कीं सर्वांत महाग वस्तूवर प्रथम संशय घेतों.

तपासणीच्या दिवशीं गाडी स्वतःच्या चाकांवर गेली. पुतण्या चालवीत होता, मी मागें बसलों होतों, आणि पुढें बंधूंच्या शेजारची जी त्यांची नेहमींची जागा, तेथें वहिनी बसल्या होत्या. वाटेंत त्या एकच वाक्य बोलल्या, "अहो भावजी, आवाज अगदीं पूर्वीसारखाच आहे हो." माझ्या चाळीस वर्षांच्या मास्तरकींत एवढे चांगले गुण मला कोणीं दिल्याचें आठवत नाहीं.