भरकटणारे सुकाणू : जुन्या जीपगाडीतील दोषाचे निदान
(वाहनांच्या देखभालीसंबंधीच्या भाषणाचा मजकूर)



जीपगाडी हे वाहन मुळात युद्धासाठी जन्मास आले. १९४१ पासून १९४५ पर्यंत अमेरिकेतील विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. युद्ध संपले आणि हीच गाडी शेतावर, जंगलात व खेड्यापाड्यांत कामास लागली. विलीजने १९५३ साली आणलेला उंच बॉनेटचा नमुना भारतात महिंद्र आणि महिंद्र या कंपनीने पुढे अनेक वर्षे बनविला. पोलीस, वन, आरोग्य, पाटबंधारे अशा किती तरी खात्यांचा संसार एके काळी याच गाडीवर चालत असे.

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या शासकीय वाहनांची नोंदणी चालू राहत नाही. त्यामुळे सरकारी सेवेतून ही जुनी गाडी निवृत्त झाली. परंतु ती नाहीशी मात्र झालेली नाही. सत्तरी, सांगे व काणकोण या तालुक्यांतील कुळागरांत आणि काजूच्या बागायतींत ती अजून राबते आहे. कुळ्याहून दूधसागर धबधब्याकडे जाणाऱ्या पर्यटकांनाही ओढ्यांतून वाट काढीत नेणारे वाहन जीपच आहे. या गाड्यांतून माणसे प्रवास करतात, मुले शाळेत जातात, आजारी माणूस दवाखान्यात पोहोचतो. म्हणूनच तिच्या एका जुनाट व्याधीचा विचार येथे करावयाचा आहे. ती व्याधी म्हणजे भरकटणारे स्टेअरिंग.

सरळ रस्त्यावर चालक चक्र स्थिर धरून बसला असतानाही गाडी कधी डावीकडे, तर कधी उजवीकडे सरकते आणि तिला क्षणोक्षणी वळवून रेषेवर आणावे लागते. यास गाडी भरकटणे म्हणतात. सपाटीवर हा केवळ त्रास वाटतो. चोर्ला किंवा अनमोड घाटात, एका बाजूस दरी व समोरून मालमोटार अशी स्थिती असता तोच त्रास जिवावरचा धोका ठरतो.

प्रथम तक्रार नीट ओळखावी. गाडी नेहमी एकाच बाजूस ओढत असेल, तर दोष बहुधा एका चाकाची कमी हवा, एका बाजूस धरून राहणारा ब्रेक किंवा वाकडा झालेला एक्सल यांपैकी कशात तरी असतो. ठरावीक वेगाला पुढील चाके थडथड हलत असतील, तर ते चाकांचे फडफडणे होय. चक्र जड फिरत असेल, तर ती तिसरीच तक्रार. या प्रत्येकीचे कारण वेगळे आणि उपायही वेगळा. वैद्य ज्याप्रमाणे औषध देण्यापूर्वी रोग्याची विचारपूस करतो, त्याप्रमाणे जाणत्या मेस्त्रीने पाना उचलण्यापूर्वी चालकाला चार प्रश्न विचारावेत. गाडी केव्हा भरकटते? रिकामी असताना की भरलेली असताना? हे एकाएकी सुरू झाले की हळूहळू? अलीकडे गाडीत काय बदलले?

आपल्याकडे सर्रास आढळणारी चूक अशी की, स्टेअरिंग सैल वाटले की ताबडतोब स्टेअरिंग बॉक्सवरील स्क्रू आवळला जातो. हे काम पाच मिनिटांचे व बिनखर्चाचे असते आणि चक्रही क्षणभर घट्ट भासते. परंतु जुन्या विलीज पद्धतीच्या जीपमध्ये चक्रापासून चाकापर्यंत सांध्यांची एक लांब साखळी असते. बॉक्सच्या हातापासून ड्रॅग लिंक, तिच्यापुढे मधली बेल क्रँक, तेथून दोन टाय रॉड आणि शेवटी चाकांना वळविणारे किंग पिन. प्रत्येक सांध्यात थोडी थोडी झीज झाली, तरी तिची बेरीज चालकाच्या हाती येते. अशा वेळी दोष साखळीच्या खालच्या टोकाला आणि इलाज वरच्या टोकाला, असे होते. म्हणून तपासणीचा क्रम जमिनीपासून वर, चाकांकडून चक्राकडे असा ठेवावा. बॉक्स सर्वांत शेवटी.

पहिली तपासणी टायरांची. टायर थंड असताना चारही चाकांतील हवा मोजावी आणि निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे ठेवावी. पुढील दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच बांधणीचे आणि सारख्या झिजेचे असावेत. एका बाजूस रेडियल व दुसऱ्या बाजूस जुन्या पद्धतीचा टायर असेल, तर उत्तम स्टेअरिंगही बिघडल्यासारखे वाटते. त्याचबरोबर पुढील चाकांना शक्ती देणारा दांडा डांबरी रस्त्यावर चुकून गुंतलेला तर नाही ना, हेही पाहावे. अनेकदा व्याधी येथेच संपते व पदरचा पैसाही वाचतो.

दुसरी तपासणी चाकांच्या बेअरिंगची व किंग पिनची. मागील चाकांस अडण लावून पुढील एक्सल जॅकवर उचलावा व खाली भक्कम आधार द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरू नये. चाक वर व खाली असे दोन्ही हातांनी धरून हलवावे. ते डुलत असेल, तर दुसऱ्या माणसास ब्रेक दाबून धरावयास सांगावे. ब्रेक दाबताच डुलणे थांबले, तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे. ब्रेक दाबूनही ते चालूच राहिले, तर किंग पिनची बेअरिंग झिजली आहेत असे समजावे. ओढ्यांतून नित्य जाणाऱ्या गाड्यांत पाणी शिरून ग्रीस धुऊन जाते. अशा गाड्यांच्या बाबतीत ही तपासणी टाळू नये. किंग पिन पातळ चकत्या काढून घट्ट करता येतात, पण मर्यादेबाहेर घट्ट केल्यास वळलेले चाक आपणहून सरळ होत नाही. त्यामुळेही गाडी भरकटते. सैलपणाचा दोष घालविताना घट्टपणाचा दोष आणू नये.

तिसरी तपासणी सांध्यांची. यासाठी गाडी जमिनीवर, तिच्या स्वतःच्या भारावर उभी असावी. एकाने चक्र डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवावे. दुसऱ्याने गाडीबाहेर बसून प्रत्येक सांध्यावर क्रमाने बोट ठेवावे. सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी स्थिर राहते किंवा मागाहून हलते, तेथे झीज आहे. बेल क्रँकच्या खिळीकडे विशेष लक्ष द्यावे. ती मध्यभागी लपलेली असल्याने नजरेतून सुटते. स्टेअरिंग बॉक्स चासीला धरणारे बोल्ट सैल असतील किंवा तेथे चासीलाच चीर गेली असेल, तर तेही याच वेळी कळते. झिजलेला सांधा बदलावा. तो तापवून, ठोकून वा वेल्डिंग करून पुन्हा वापरू नये. नटातील स्प्लिट पिनेच्या जागी तार किंवा खिळा घालणे हा तर जिवाशी खेळ होय.

चौथी तपासणी पाट्यांची. यू बोल्ट सैल असतील, शॅकलचे बुश झिजले असतील किंवा पाट्यांचा मधला बोल्ट तुटला असेल, तर एक्सलच जागेवरून सरकतो आणि चालकाने चक्र न हलविताही गाडी दिशा बदलते. चाके सरळ ठेवून दोन्ही बाजूंस पुढील व मागील चाकांच्या मध्यांतील अंतर मोजावे. आखूड जीपमध्ये ते ८० इंच, म्हणजे सुमारे २०३ सेंटिमीटर असते. नमुना कोणताही असो, दोन्ही बाजूंची मापे सारखी यावयास हवीत.

येथे कॅस्टरचा उल्लेख अवश्य करावयास हवा. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो आणि त्यामुळेच वेगात असलेली सायकल सरळ राहण्याकडे झुकते. शिक्षकांना हे वर्गात सहज दाखविता येईल. जीपचा किंग पिनही वरच्या टोकाशी किंचित मागे कललेला असतो. विलीज जीपमध्ये हा कल ३ अंशांचा ठेवलेला आहे. तो कमी झाला की गाडीची सरळ जाण्याची ओढ कमी होते. जास्त माणसे बसावीत म्हणून मागे जादा पाटे घातले की गाडीचा मागचा भाग उंचावतो आणि कॅस्टर घटतो. अशी गाडी भरलेली असताना कदाचित बरी चालते, परंतु रिकामी परतताना भरकटते. ‘रिकामी की भरलेली?’ या प्रश्नाचे महत्त्व यावरून ध्यानात येईल.

पाचवी तपासणी चाकांच्या समांतरतेची. पुढील दोन चाके पुढच्या बाजूस मागच्यापेक्षा किंचित जवळ असावी लागतात. विलीज जीपसाठी हा फरक सुमारे १.२ ते २.४ मिलिमीटर इतका असतो. दोन्ही चाके फिरवून टायरांवर खिळ्याने बारीक रेघ ओढावी, गाडी खाली उतरवून थोडी पुढे ढकलावी आणि पुढून व मागून, एक्सलच्या उंचीवर, रेघांमधील अंतर मोजावे. झिजलेले सांधे बदलण्यापूर्वी हे माप जुळविणे व्यर्थ होय, कारण सैल सांध्यावर कोणतेही माप टिकत नाही.

इतके झाल्यावरही चक्रात मोकळेपणा उरला, तरच बॉक्सला हात लावावा. प्रथम ड्रॅग लिंक सोडवावी. मग दांड्याची वरखाली हालचाल चकत्यांनी काढावी आणि त्यानंतरच बाजूचा स्क्रू जुळवावा. हे काम चक्र बरोबर मधोमध ठेवून करावयाचे असते. चक्र वळलेले असताना स्क्रू आवळल्यास मधोमध येताच ते अडकते आणि आतील भाग लवकर झिजतात.

या बाबतीत कायदाही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ९८ अन्वये चक्राचा मोकळेपणा ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये. घड्याळाच्या तबकडीवर बारापासून एकपर्यंत जेवढे अंतर, तेवढी ही मर्यादा. गाडी उभी असताना चक्रावर खडूची खूण करून कोणासही ती पाहता येते. यास यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. मात्र मोकळेपणा मर्यादेत आहे म्हणून गाडी निर्दोष आहे असे समजू नये. कॅस्टरचा किंवा पाट्यांचा दोष या खुणेने कळत नाही.

काही ठिकाणी चाकांचा कंप थांबविण्यासाठी स्टेअरिंगला डँपर जोडतात. त्याने कंप दबतो, परंतु झीज तशीच राहते व वाढतच जाते. तक्रार बंद झाली म्हणजे दोष गेला असे नव्हे, हे वाहनाइतकेच कार्यालयांनाही लागू आहे.

प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी मोकळ्या मैदानात हळू चालवून पाहावी आणि काय तपासले, काय बदलले याची तारखेसह नोंद वहीत करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे गुण कशाने आला ते समजते. चालकानेही ‘जुनी गाडी अशीच चालायची’ असे म्हणून स्वतःची समजूत घालू नये. हाताला सवय झाली की भरकटणे जाणवेनासे होते आणि धोका मात्र पूर्वीइतकाच राहतो. योग्य देखभाल केलेली जुनी जीप आजही सरळ रेषेत चालते. जी चालत नाही, तिच्या भरकटण्याचे कारण सापडेपर्यंत ती घाटात नेऊ नये आणि तिच्यात माणसे तर मुळीच बसवू नयेत.