पुन्हा वजन उतरवताना : गुडघा, थायरॉइड आणि शेंगदाण्याचं कूट

(युवा शिबिरातील एका सत्रात केलेल्या मांडणीचे शब्दांकन)



मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत जातात. त्यामुळे आज मी जे बोलणार आहे ते औषधाच्या चिठ्ठीसारखं घेऊ नका. तुमचा स्वतःचा आजार, तुमची गोळी, तुमचं प्रमाण हे तुमच्या डॉक्टरांकडेच ठरवा. मी बोलणार आहे ते डॉक्टरांच्या दवाखान्यातून बाहेर पडल्यानंतरच्या भागाबद्दल. घर, ऑफिस, दावत, बाजार. तिथे डॉक्टर सोबत नसतात.

विषयात 'पुन्हा' हा शब्द आयोजकांनी मुद्दाम घातलाय आणि बरं केलंय. पहिल्यांदा वजन कमी करणाऱ्याला सल्ले देणारे गल्लोगल्ली भेटतात. दुसऱ्यांदा सुरू करणाऱ्याला फक्त विचारलं जातं, "परत वाढलं का गं?" मी ८२ किलोवरून ६९ वर आले होते. मग गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, पुढच्याच वर्षी थायरॉइड कमी असल्याचं निदान झालं आणि काटा ७८ वर गेला. शिवाय मला दोन ॲलर्जी आहेत. शेंगदाणा लहानपणापासून आणि कोलंबी कॉलेजात असल्यापासून. आमचं मूळ गाव खेडजवळ. कोकणातल्या घरात कोलंबी चालत नाही म्हणजे काय, ते इथल्या कोकणी पोरांना सांगायला नको.

दुसऱ्यांदा सुरू करताना शरीर जुनं नसतं. अमेरिकेत टीव्हीवर वजन कमी करण्याची एक मोठी स्पर्धा व्हायची. तिच्यातल्या १४ स्पर्धकांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. बहुतेकांचं वजन बऱ्यापैकी परत आलं होतं, पण त्यांचं शरीर विश्रांतीत जेवढी ऊर्जा खर्च करायला हवं होतं त्यापेक्षा रोज सरासरी सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. ती माणसं टोकाच्या मार्गाने उतरली होती, आपण सगळे तसे नसतो. पण दिशा तीच. म्हणून 'मागच्या वेळी दोन महिन्यांत सात किलो गेलं होतं' हा हिशेब सोडून द्या. आठवड्याला पाव-अर्धा किलो कमी झालं तरी काम नीट चाललंय असं समजा.

आता मुख्य मुद्दा. ज्याला खाण्याची ॲलर्जी आहे त्याने वजन कमी करताना ताटात नवं काही आणू नये, जे आहे ते कमी करावं.

हे इतकं साधं आहे की कुणी सांगत नाही. मोबाइलवर येणारा कुठलाही डाएट चार्ट उघडा. पीनट बटर, बदामाचं पीठ, ग्रॅनोला, व्हे पावडर, सोया चंक्स, तीळ-जवसाची चटणी. वजन कमी करण्याच्या या सगळ्या बाजारात मुख्य माल कुठला? शेंगदाणा, सुकामेवा, दूध, सोया, अंडं. म्हणजे ॲलर्जीच्या यादीतली नेहमीची नावं. ज्यांना काही होत नाही त्यांच्यासाठी हे पदार्थ पौष्टिक आहेत, माझं भांडण नाही. पण ज्याचा घसा एका दाण्याने सुजतो, त्याच्यासाठी प्रत्येक नवं पाकीट म्हणजे नवी जोखीम. आम्ही सॉफ्टवेअरवाले चालू यंत्रणेत एका दिवशी पाच बदल घालत नाही. काही बिघडलं तर कशामुळे ते कळत नाही. पोटाचंही तसंच आहे.

कमी काय करायचं? तेलापासून बघा. आमच्या घरी चार मोठी माणसं आणि महिन्याला पाच लिटर तेल. भागून बघा, माणशी रोजचं ४१ मिली, म्हणजे साधारण ३८ ग्रॅम. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी. झाल्या साडेतीनशेच्या आसपास, आणि त्यात बाहेरचा समोसा धरलेला नाही. महिन्याचा डबा पाचाचा तीन लिटरवर आणला की माणशी रोज १४० कॅलरी वाचतात. कुणाच्या ताटातला एकही पदार्थ गेला नाही, कुणाला वेगळं शिजवावं लागलं नाही, ॲलर्जीचा नवा धोका आला नाही. तेल जर घाण्याचं शेंगदाणा तेल असेल तर ॲलर्जीवाल्याने ते मुळातच टाळावं. त्यात दाण्याचं प्रथिन राहू शकतं आणि ॲलर्जी त्या प्रथिनाचीच असते.

प्रथिनांची काळजी मात्र घ्यायला हवी, कारण नुसतं खाणं कमी केलं की चरबीबरोबर स्नायूही जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने निरोगी प्रौढासाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन सांगितलंय. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम झाले. त्यासाठी डबे विकत घ्यायला लागत नाहीत. शंभर ग्रॅम बिनहाडाच्या चिकनमध्ये वीसच्या वर आहे, दोन अंड्यांत बारा, तीस ग्रॅम कोरड्या डाळीत सात. मासे चालत असतील तर बांगडा आहेच. मासा आणि कोलंबी या दोन वेगळ्या ॲलर्जी आहेत, एक असली की दुसरी असतेच असं नाही. माझी तपासणी झालीय, मला बांगडा चालतो. पण कोलंबी तळलेल्या तेलात तळलेला बांगडा चालत नाही. कोलंबीतलं ते प्रथिन शिजवून मरत नाही. काहींना तर शिजतानाच्या वाफेनेही त्रास होतो. किडनीचा आजार असेल तर प्रथिन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

खरी अडचण लपलेल्या गोष्टींची. महाराष्ट्रात दाण्याचं कूट कुठे नाही ते सांगा. कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, खिचडीत, मिसळीच्या कटात. स्वस्त ग्रेव्हीत काजूच्या जागी दाण्याची पेस्ट असू शकते. कोकणात चटणीत सुकट, वांग्याच्या भाजीत सोडे. गव्हाचा त्रास असणाऱ्यांनी हिंगाची डबी वाचावी. आपण वापरतो त्या बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो. पाकिटावरच्या मालाचं बरं आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार ग्लुटेनची धान्यं, कोलंबी-खेकड्याचा वर्ग, दूध, अंडं, मासे, शेंगदाणा आणि सुकामेवा, सोयाबीन, सल्फाइट यांची नोंद 'कंटेन्स' म्हणून करावी लागते. तिळाचं नाव या यादीत नाही, तिळाची ॲलर्जी असणाऱ्यांनी घटकांची पूर्ण ओळ वाचायची. सुट्या मालाला, बेकरीच्या नानखटाईला, दावतीच्या देगेला लेबल नसतं. तिथे विचारणं हाच उपाय.

तपासणीबद्दल एक सांगते, कारण तरुण मंडळी यात पैसे घालवताना दिसतात. 'दोनशे पदार्थांची इन्टॉलरन्स टेस्ट, वजन का कमी होत नाही ते कळेल' अशा जाहिराती येतात. त्यातल्या बऱ्याच चाचण्या आयजीजी मोजतात. आयजीजी सापडणं म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाता, एवढंच. युरोप आणि अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ॲलर्जी किंवा इन्टॉलरन्स ओळखायला ही चाचणी वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय. अहवाल हातात पडला की माणूस गहू, दूध, अंडं, डाळ सगळं सोडतो, अशक्त होतो, आणि वजन चार महिन्यांनी परत येतं. आयजीईची चाचणी वेगळी. पण ती पॉझिटिव्ह आली आणि खाल्ल्यावर काहीच होत नसेल, तर तीही ॲलर्जी ठरत नाही. काय खाल्लं, किती वेळाने काय झालं, ही तुमची वहीतली नोंद डॉक्टरांना कागदापेक्षा जास्त सांगते.

व्यायामाकडे येते. गुडघ्याबद्दल एक आकडा मला फार धीर देतो. गुडघेदुखी असलेल्या वजनदार लोकांच्या अभ्यासात दिसलं की एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो. म्हणजे दोन किलो कमी होणं गुडघ्याला आठ किलोचं वाटतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते. ते पहिल्या आठवड्यात गाठायचं नसतं. मी दहा-दहा मिनिटं सपाट रस्त्यावर चालण्यापासून सुरू केलं आणि फिजिओथेरपिस्टने दिलेले खुर्चीतून उठण्या-बसण्याचे व्यायाम. कोंढव्यात सपाट आणि मोकळा फुटपाथ शोधणं हा वेगळा व्यायाम, त्यावर स्वतंत्र सत्र ठेवा.

इथे एक गोष्ट आहे जी ॲलर्जी असणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी. काही लोकांना एखादा पदार्थ नुसता खाल्ला तर काही होत नाही, पण तो खाऊन दोन-चार तासांत जोराचा व्यायाम केला तर गंभीर ॲलर्जी उसळते. गहू आणि कोलंबीवर्गाच्या बाबतीत हे जास्त नोंदलं गेलंय. आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्याही अशी प्रतिक्रिया सुरू करू किंवा वाढवू शकतात. आता जोडून बघा. गुडघा दुखतो म्हणून गोळी, वर जेवण, वर जिम. वजन कमी करायला निघालेला माणूस नेमकं हेच करतो. व्यायाम करताना अंगावर गांधी उठल्या, घसा आवळला, चक्कर आली, तर लगेच थांबा. नंतर काय खाल्लं होतं, कुठली गोळी घेतली होती ते लिहून ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे जा.

थायरॉइडचं थोडक्यात. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब. थायरॉइड कमी असल्याने वाढलेलं वजन बहुधा दोन-चार किलोचं असतं, त्यात पाणीही बरंच. वीस किलोचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. आणि लवकर बारीक व्हायला कुणी जास्तीची गोळी घेत असेल तर तो हृदयाशी खेळ आहे.

आता घराकडे. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करणं ही मोहब्बत आहे, ती मला हवीच आहे. पण दस्तरखानावर आपण दोन वेगवेगळे 'नाही' म्हणतो आणि लोकांना ते एकच ऐकू येतात. "बिर्याणी पुरे" हा एक नाही. खालाने आग्रह केला तर मी आणखी एक चमचा घेईन, काही बिघडत नाही. "यात दाणे असतील तर नको" हा दुसरा नाही. तिथे एक चमचाही नाही. म्हणून ॲलर्जीला कधीही 'डाएट चालू आहे' म्हणू नका, कारण डाएट मोडायला लावणं हा आपल्याकडे प्रेमाचा भाग आहे. आणि उलटही करू नका. गोड टाळायला 'मला ॲलर्जी आहे' अशी थाप मारू नका. ती उघडी पडली की पुढच्या खऱ्या ॲलर्जीवाल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. दावतीचं बोलावणं येतं तेव्हाच फोनवर सांगा, ताट समोर आल्यावर नाही. एका थाळ्यात चौघं जेवत असतील तर आपलं वेगळं ताट मागून घ्या. शीरखुर्म्यातली चारोळी काजूच्याच कुळातली आहे, काजू-पिस्ता चालत नसेल तर तीही तपासून घ्या.

मुलींना विशेष सांगते. स्थळ बघताना ॲलर्जी लपवली जाते, 'मुलीत खोट आहे असं वाटेल' म्हणून. मग निकाहानंतर पहिल्याच आठवड्यात नव्या घरात, नव्या माणसांत, प्रत्येक घास तिला गप्प राहून तपासावा लागतो. सुनेने तोंड फिरवलं तर ती नखरेल ठरते. हे निकाहाआधी सांगायचं, आणि आईवडिलांनी सांगायचं. मुलाकडच्यांनाही विचारता आलं पाहिजे. मुलांनाही ॲलर्जी असतात, त्यांच्या बाबतीत मात्र कुणी खोट काढत नाही.

गंभीर प्रतिक्रिया आली तर श्वास लागतो, आवाज बदलतो, ओठ-जीभ सुजते, उलट्या होतात, चक्कर येते. तेव्हा पहिलं औषध ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. सेट्रिझिनची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. डॉक्टरांनी ते तुम्हाला लिहून दिलं असेल तर घरातल्या आणि ऑफिसातल्या किमान दोघांना ते कसं द्यायचं ते शिकवून ठेवा. माणसाला आडवं ठेवा, श्वास लागत असेल तर बसवा, चालवू नका, १०८ ला फोन करा. बरं वाटलं तरी दवाखान्यात जा. काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते.

रमजानबद्दल दोघांनी चिठ्ठीवर विचारलंय. ज्यांचा आजार, गोळ्या किंवा इन्सुलिन यांमुळे रोजा धोक्याचा आहे त्यांना सवलत आहेच, ती घेण्यात कमीपणा नाही. थायरॉइडची गोळी सहरीच्या आधी उठून किंवा रात्री झोपताना, शेवटच्या जेवणानंतर तीन-चार तासांनी, यांतलं काय ते महिनाभर आधी डॉक्टरांशी ठरवा. इफ्तारीला एक छोटा खजूर वीस-पंचवीस कॅलरीचा असतो, भीती त्याची नाही. भजी, समोसे, सरबत हे एका बैठकीत दिवसभराचं भरून काढतात. आमच्या घरी तळण आठवड्यातून दोन दिवसांवर आलं. अम्मीने पहिल्या आठवड्यात कुरकुर केली, मग स्वतःचं गुडघ्याचं दुखणं आठवून तीच पहारा द्यायला लागली.

बाकीचं प्रश्नोत्तरांत घेऊ. जेवणाची घंटा व्हायला वीस मिनिटं आहेत. आजच्या कोशिंबिरीत कूट आहे, मी सकाळीच स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी बिनकुटाची वेगळ्या झाकणाच्या भांड्यात काढून ठेवलीय, तिला वेगळा चमचा आहे. तो चमचा तिकडेच राहू द्या.