नाइलाजाने उभा राहिलेला नायक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काल दुपारच्या सत्रात एका तरुण कार्यकर्तीने विचारलेला प्रश्न रात्री माझ्या मनातून जाईना. ती म्हणाली, "आमच्या वस्तीतली माणसे सभेला येतात, टाळ्या वाजवितात, पण पुढे व्हा म्हटले की कोणी होत नाही. जो तो म्हणतो, 'आमच्याने नाही व्हायचे.' अशा माणसांना घेऊन चळवळ करायची कशी?" मला आज आपल्या लोकप्रिय कादंबऱ्यांतील नायकांवर बोलावयाचे आहे. अर्थशास्त्र शिकविण्यात जन्म घालविलेल्या माणसाने कादंबरीवर बोलावे हा थोडा आगाऊपणा आहे, आणि वरवर पाहता या विषयाचा त्या प्रश्नाशी काही संबंधही दिसत नाही. मला तो फार निकटचा वाटतो. ज्या माणसांकडून आपण पुढे होण्याची अपेक्षा करतो, त्यांच्या मनात 'पुढे होणारा माणूस' कसा असतो याचे चित्र कोणी तरी रंगविलेले असते. ते चित्र बव्हंशी कथा-कादंबऱ्यांनी व त्यांच्यावरून निघालेल्या चित्रपटांनी रंगविलेले आहे.

माझे बालपण गिरणगावातल्या एका चाळीत गेले. तळमजल्यावरच्या व्यायामशाळेच्या कोपऱ्यात दोन कपाटांचे वाचनालय होते, आणि त्यातली सर्वांत फाटलेली पुस्तके बाबूराव अर्नाळकरांची असत. अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड आम्हा मुलांना शेजाऱ्यांइतके परिचयाचे होते. ते कधी घाबरत नसत, कधी चुकत नसत आणि मुख्य म्हणजे कधी थकत नसत. दहा तास साच्यावर उभे राहून आलेला माणूस रात्री त्यांना वाचीत असे. यात मला हसण्यासारखे काही दिसत नाही. ज्याला दिवसभर जॉबरपुढे मान खाली घालावी लागते, त्याला रात्री अर्धा तास कोणाचीही भीड न बाळगणारा माणूस हवा असतो.

पांढरपेशा वाचकांचे नायक निराळे होते. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्यातला 'कलेसाठी कला' की 'जीवनासाठी कला' हा वाद आपल्यापैकी ज्येष्ठांना पाठ असेल. त्या वादात आपली सहानुभूती अर्थातच खांडेकरांकडे असते. परंतु एका बाबतीत हे दोघे फार जवळ होते. दोघांचाही नायक पहिल्या प्रकरणात शिरतो तो तयार होऊनच. फडक्यांचा नायक देखणा, बोलण्यात चतुर. खांडेकरांचा नायक ध्येयवादी, त्यागी, सुंदर वाक्ये बोलणारा. 'क्रौंचवध' ही कादंबरी १९४२ सालची. तिच्यातला दिलीप पाहा. तो क्रांतिकारक कसा झाला यापेक्षा तो किती उदात्त आहे हेच आपल्या मनावर अधिक ठसते. अर्थशास्त्राच्या सवयीने मी या कादंबऱ्या वाचताना एक हिशेब करून पाहतो: या माणसाचे महिन्याचे उत्पन्न किती, घरभाडे किती, त्याच्यावर कोण अवलंबून आहे? फडक्यांच्या नायकांबाबत हा प्रश्नच उद्भवत नाही. खांडेकरांचे नायक गरीब असतात खरे, परंतु त्यांची गरिबी पुष्कळदा दागिन्यासारखी अंगावर शोभते. ती त्यांना लाचार करीत नाही.

हे म्हणताना मी खांडेकरांवर अन्याय करू इच्छित नाही. एका संपूर्ण पिढीला त्यांनी स्वतःपलीकडे पाहावयास शिकविले, आणि त्या पिढीतले अनेक जण तुरुंगातही गेले. पण माझ्या मते खांडेकरांनी आपला सर्वांत चांगला नायक लिहिलाच नाही. तो म्हणजे १९२० पासून १९३८ पर्यंत, तब्बल अठरा वर्षे, शिरोड्यासारख्या आडगावच्या शाळेत चिकटून राहिलेला मास्तर. त्या मास्तराच्या दिनक्रमात उदात्त वाक्यांना फारशी जागा नव्हती.

स्वातंत्र्यानंतर, विशेषतः महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर, आदर्श नायकाची जागा इतिहास-पुराणातल्या पुरुषाने घेतली. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली, शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आणि 'छावा' १९७९ साली. या पुस्तकांची भाषा आणि त्यामागचे परिश्रम मी नाकारीत नाही. 'छावा'वरचा हिंदी चित्रपट २०२५ साली आला, तेव्हा पडद्यासमोर हात जोडून रडणारी तरुण मुले आपण सर्वांनीच पाहिली. त्यांचे रडणे खोटे नव्हते. परंतु अशा नायकापुढे वाचकाच्या वाट्याला काय काम उरते? जयजयकार करावयाचा, नाही तर अश्रू ढाळावयाचे. नायक इतका वर असतो की त्याचे अनुकरण करू पाहणे हाच उद्धटपणा ठरावा. 'आमच्याने नाही व्हायचे' हे वाक्य येथे तयार होते, असे मला वाटते. त्या वस्तीतल्या माणसांना आपण भित्रे म्हणतो. प्रत्यक्षात ती माणसे आपल्यात नायकाची लक्षणे शोधतात आणि ती सापडत नाहीत म्हणून प्रामाणिकपणे नाही म्हणतात.

आता दुसऱ्या प्रकारच्या नायकाकडे वळू. ज्याला नायक व्हावयाचे नसते, परिस्थिती किंवा शेजारची माणसे ज्याला पुढे ढकलतात, तो हा नायक. मराठीतला सर्वांत लोकप्रिय असा नायक मुलगा आहे, आणि त्याला कोणी नायक म्हणत नाही. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिच्यातला श्याम आठवा. पोहावयास जाण्याच्या भीतीने तो घरात लपून बसतो, आणि ज्या आईचे आपण गोडवे गातो ती आई त्याला शिंपटीने मारीत बाहेर काढते. पुढे एका प्रसंगी रस्त्यात एका वृद्ध महार बाईच्या डोक्यावरची मोळी पडते. लोक पाहत राहतात. आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलून दे आणि येऊन स्नान कर. या 'स्नान कर'वर आज आपण नाक मुरडू, आणि मुरडावेच. पण लेखकाने ते झाकले नाही. मुलगा शूर नाही, आईही रूढीतून पुरती सुटलेली नाही, आणि तरीही मोळी उचलली जाते. हाच मुलगा मोठा झाला, आणि मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्याने उपोषण मांडले. स्नान करून शुद्ध होण्यापासून त्या उपोषणापर्यंतची ही वाट आहे, आणि तिच्यातली पहिली पावले त्याने स्वखुशीने टाकलेली नाहीत. ती कोणी तरी टाकावयास लावली.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला हा मास्तर म्हणजे जेमतेम मिसरूड फुटलेला पोरगा. वाडी सुधारावी म्हणून तो आलेला नाही. नोकरी मिळाली म्हणून आला आहे. शाळेत मुले नाहीत. हळूहळू वाडी त्याला कामे सांगू लागते, भांडणतंटे त्याच्यापुढे आणू लागते, आणि अंगावर पडत गेलेल्या कामांतूनच तो वाडीचा माणूस होतो. त्याच्या पुढाकाराने वाडी स्वतःच्या श्रमाने तालीम बांधते, राजेसाहेब उद्घाटनाला येतात. मग पाऊस दगा देतो, मेंढरे मरतात, वाडी रिकामी होते. मास्तराचा एकही पराक्रम त्या दुष्काळापुढे टिकत नाही. आमच्या विकासाच्या अर्थशास्त्रावर मी पुष्कळ व्याख्याने दिली, परंतु कोरडवाहू गावाची असहायता या लहानशा पुस्तकाइतकी मला कोठेही भेटली नाही.

येथपर्यंत माझे म्हणणे सोपे झाले: आदर्श नायक वाईट, नाइलाजाचा नायक चांगला. परंतु तसे म्हणून चालणार नाही, कारण अण्णाभाऊ साठे आडवे येतात. 'फकिरा' १९५९ साली प्रसिद्ध झाली. अण्णाभाऊंनी ती डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. तिचा नायक सर्वार्थाने आदर्श आहे: निर्भय, देखणा, शब्दाचा पक्का. कोणी विचारील की मग खांडेकरांचा आदर्श नायक तुम्हांला खटकतो आणि अण्णाभाऊंचा का चालतो? मी बराच काळ याचे उत्तर शोधीत होतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेने ज्या माणसांना जन्मतःच चोर ठरविले, ज्यांना हजेरी देण्यासाठी उभे राहावे लागे, त्यांच्यापैकी एकाला कादंबरीत ताठ मानेने चालताना दाखविणे ही अतिशयोक्ती नव्हे. ते सरकारी नोंदवहीला दिलेले उत्तर आहे. ज्यांच्या वाड्यात पूर्वजांच्या तसबिरी ओळीने लागल्या आहेत त्यांना आणखी एक आदर्श पुरुष देणे, आणि ज्यांच्या घरात एकही तसबीर नाही त्यांना पहिली देणे, या दोन कृत्यांचे मोल एकच कसे असेल?

आणि नीट वाचले तर फकिराचा पराक्रमही भुकेतून येतो. माणसे उपासमारीने मरू लागतात तेव्हा तो धान्य लुटतो. शेवटी सरकार त्याच्या माणसांना कोंडते, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतः स्वाधीन होतो. त्याची तलवार कोणी जिंकून घेतलेली नाही. या कादंबरीत नायकाचे उत्पन्न किती हा माझा प्रश्न विचारावाच लागत नाही. पानोपानी धान्याचाच हिशेब आहे.

दुसऱ्या बाजूचाही एक धोका सांगतो, कारण आपल्यासारख्या शिकलेल्यांना तो अधिक आहे. नाइलाज आवडू लागला की त्याची चैन होते. नेमाड्यांच्या 'कोसला'तील पांडुरंग सांगवीकर १९६३ साली आला आणि दोन पिढ्यांतल्या मुलांना वाटले, हा तर मीच. ते खरेही होते. पण पुष्कळांनी त्याच्याकडून फक्त खांदे उडविणे घेतले, त्याचे दुःख घेतले नाही. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून १९७९ साली 'सिंहासन' हा चित्रपट निघाला. त्यातला पत्रकार दिगू टिपणीस सर्व काही पाहतो, सर्व काही जाणतो, आणि अखेर वेड लागल्यासारखा हसत सुटतो. साधूंना त्याची कीव वाटते, आदरही वाटतो. मला दोन्ही वाटतात, पण थोडा रागही येतो. जाणणे हेच काम आहे असे समजून बसलेले दिगू आपल्या पक्षातही कमी नाहीत. मीही काही काळ होतो. बनगरवाडीचा मास्तर नाखूश असला तरी भांडण मिटवावयास उठून जातो. तेवढे उठणे नसेल, तर नुसत्या नाखुशीला नायकत्व चिकटविण्याचे कारण नाही.

एका माणसाविषयी सांगतो आणि थांबतो. १९८२ च्या जानेवारीत मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा एम. ए. करीत होतो आणि माझे वडील संपात होते. आमच्या शेजारच्या खोलीत साचाखात्यातले एक काका राहत. अर्नाळकरांचे निस्सीम वाचक, बोलताना थोडे अडखळत, सभेत नेहमी मागच्या रांगेत. तीन-चार महिन्यांनी निम्मी चाळ कोकणात आणि घाटावर गावी गेली. मागे राहिलेल्यांची चूल चालेना. वाण्याकडून एकत्र उधारीवर धान्य घ्यावे आणि घराघरांत वाटावे असे ठरले, पण वाण्याशी बोलणार कोण आणि हिशेब ठेवणार कोण? काकांनी दोनदा नाही म्हटले. तिसऱ्यांदा त्यांच्या पत्नी दारातूनच म्हणाल्या, "तुम्हांला हिशेब येतो ना? मग जा की." ते गेले. तेथे काय बोलले, किती अडखळले, मला ठाऊक नाही. संध्याकाळी तांदळाची पोती आली.

तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. काकांना गिरणीने परत घेतले नाही. ते एका दुकानात हिशेबनीस म्हणून राहिले, आणि चाळीची उधारी घरोघर फिरून गोळा करीत १९८६ पर्यंत वाण्याकडे भरीत राहिले. चाळ पाडली तेव्हा त्यांच्या मुलाने ती वही मला दिली. कोणत्या खोलीत माणसे किती, आजारी कोण, कोणाकडे तान्हे मूल आहे, आणि त्यानुसार तांदूळ किती, हे सारे त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. दोन ठिकाणी बेरीज चुकली आहे आणि ती त्यांनी स्वतःच खोडून दुरुस्त केली आहे. वही मी आज बरोबर आणली आहे. कालचा प्रश्न विचारणाऱ्या कार्यकर्तीने आणि ज्यांना ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी जेवणाच्या सुटीत पाहावी. पाने जीर्ण झाली आहेत, तेव्हा जपून उलटा.