रूळ आणि दुर्बीण

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळीं कोंकणच्या बंदरांतला माल याच घाटानें देशावर येई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून लोक अजूनही दाखवितात. दोन हजार वर्षांपूर्वीं ज्या जुन्नरवरून व्यापाराचा राजमार्ग गेला, त्या तालुक्यांत आणि शेजारच्या आंबेगांवांत रेल्वेचा एकही रूळ आजवर पडलेला नाहीं. १८५८ सालीं आगगाडी पुण्यास पोंचली. परंतु पुणें व नाशिक यांना सरळ जोडणारा लोहमार्ग कांहीं झाला नाहीं. आगगाडीनें जावयाचें तर कल्याणला वळसा घेऊन एक घाट उतरावा व दुसरा चढावा, नाहीं तर दौंड-मनमाडची प्रदक्षिणा करावी.

ही उणीव भरून काढण्याकरितां महारेल या संस्थेनें सुमारें २३५ किलोमीटरचा मार्ग आंखला. चाकण, मंचर, नारायणगांव, संगमनेर, सिन्नर या वाटेनें ताशीं २०० किलोमीटर वेगानें गाडी जाईल, अशी ती योजना. नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटोच्या पेट्या रचणाऱ्या शेतकऱ्यास तिचें मोल सांगावें लागत नाहीं. नाशवंत माल आणि वाहनांनीं तुंबलेला रस्ता यांचें वैर त्यास रोजच भोगावें लागतें.

अडचण निघाली ती आकाशाच्या बाजूनें. नारायणगांवाजवळ खोडद येथें प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेली जगद्विख्यात रेडिओ-दुर्बीण आहे. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या या परिसरांत पसरल्या आहेत. श्रोतेहो, माझे शब्द ज्या लहरींवरून आपणांपर्यंत येत आहेत, त्याच जातीच्या, पण कल्पनातीत क्षीण लहरी ही दुर्बीण दूरच्या आकाशगंगांकडून टिपते. चंद्रावर ठेवलेला साधा मोबाइल फोनही अशा दुर्बिणीस आकाशांतल्या ठळक उगमांपैकीं एक वाटेल. मग विजेच्या तारेस घासत, ठिणग्या उडवीत जाणारी गाडी शेजारून गेली तर काय होईल, हें सांगणें नको. हा प्रदेश डोंगरांच्या आडोशामुळें रेडिओ-कोलाहलापासून बराच मुक्त होता, म्हणूनच तो निवडला गेला. २०२५ सालीं केंद्रीय रेल्वेमंत्र्यांनीं याच कारणास्तव हा मार्ग बाजूस सारून शिर्डी व अहिल्यानगरवरून जाणारा मार्ग पुढें मांडला. जुन्नर-आंबेगांवांत नाराजी पसरली, यांत नवल नाहीं.

आतां उपाय काय? कोणी म्हणतात, शहरांतल्या ट्रामसारखी हलकी गाडी आणावी. पण हलकी झाली तरी ती चालावयाची विजेवरच. तिच्या यंत्रांचा गोंगाट दुर्बिणीस ऐकूं येणारच, आणि लांबच्या प्रवासास ती अपुरी. तारेऐवजीं साठवलेल्या विजेवर गाडी चालविली तर तारेच्या ठिणग्या टळतील. तथापि मोटारींस वीज पुरविणाऱ्या यंत्रांवर आवरण घालावें लागेल, आणि तें पुरेसें आहे कीं नाहीं हें मोजूनच ठरवावें लागेल.

दुसरा उपाय भुयाराचा. जमीन व खडक रेडिओ-लहरींस चांगलेंच अडवितात. आपल्या काळ्या कातळांतून भुयार काढणें अशक्य नाहीं; पुण्याच्या मेट्रोचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी भाग २०२४ सालीं सुरू झाला. परंतु भुयाराचा खर्च जमिनीवरील मार्गाच्या कित्येक पट असतो. शिवाय एक गोष्ट विसरली जाते. पुण्याहून नाशिकास जाणारा उतारू भुयारांतून सुखानें जाईल. टोमॅटोची पेटी मात्र भूगर्भांतल्या स्थानकांत कशी उतरवावी? ज्याच्या शेताखालून गाडी जाते, त्याला तिचा केवळ हादराच मिळावयाचा असेल, तर त्या गाडीस तो आपली कां म्हणेल?

तिसरा उपाय मार्गच दूर नेण्याचा. त्यानें दुर्बीण वांचते, नाशिकास पुणेंही जोडलें जातें, फक्त मधला प्रदेश पूर्वीसारखाच कोरडा राहतो.

माझ्या मतें येथें दोन प्रश्नांची गल्लत होत आहे. दोन शहरें जोडणें हा एक प्रश्न. जुन्नर-आंबेगांवच्या माणसास व मालास वाट देणें हा दुसरा. पहिल्याचें उत्तर सांपडलें म्हणजे दुसरा आपोआप सुटत नाहीं. दुर्बिणीची शांतता राखलीच पाहिजे, कारण एकदां गमावलेली शांतता पैशानें परत येत नाहीं. पण ही शांतता साऱ्या देशाच्या, किंबहुना साऱ्या जगाच्या ज्ञानासाठीं राखावयाची असेल, तर तिचें मोल एकट्या दोन तालुक्यांनीं कां द्यावें? भुयाराचा वाढीव खर्च असो, दुर्बिणीस बाध येणार नाहीं इतक्या अंतरापर्यंत पुण्याकडून आणलेला उपनगरी फांटा व तेथील मालधक्का असो, कीं शीतगृहें व रुंद रस्ते असोत, त्याचा भार देशानें उचलावा. नाणेघाटाच्या रांजणांत जकात टाकणाऱ्यास निदान वाट तरी मिळत असे. जुन्नरकरांकडून जकात घ्यावयाची आणि वाट मात्र नाकारावयाची, हा व्यवहार न्यायाचा नव्हे.