चाऊ एन-लाय यांचे मूल्यमापन

चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय ८ जानेवारी १९७६ रोजी पेकिंग येथे निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची समाधी बांधली गेली नाही. रक्षा विखुरण्यात आली. राज्यकर्त्यांनी दुखवटा आटोपता घेतला, तरी लोकांनी तो घेतला नाही. एप्रिलच्या आरंभी, पितरांचे स्मरण करावयाच्या छिंगमिंग सणाला, तिएन-आन-मेन चौकात फुलांच्या चक्रांचा डोंगर उभा राहिला. रात्रीतून ती चक्रे उचलली गेली, तेव्हा ५ एप्रिल रोजी त्या चौकात असा प्रक्षोभ उसळला की, तो बळाने मोडून काढावा लागला. ज्या सत्ताधाऱ्यासाठी प्रजा सत्तेच्या धाकाला न जुमानता रडते, त्याचे मोठेपण वादातीत असावे, असे कोणालाही वाटेल. पण चाऊंच्या बाबतीत वाद आहे आणि तो लहानसहान नाही.

१८९८ साली च्यांगसू प्रांतातील हुआयआन गावी जन्मलेला हा सुसंस्कृत घराण्यातील मुलगा त्येनत्सिन, जपान आणि फ्रान्स अशी वाटचाल करीत साम्यवादी झाला. १९२७ च्या कत्तलीनंतर शांघायमध्ये पक्षाची गुप्त यंत्रणा त्यांनीच बांधली. त्या यंत्रणेचा एक प्रमुख अधिकारी १९३१ साली शत्रूला मिळाला, तेव्हा त्याच्या कुटुंबातील माणसांना ठार मारण्यात आले. आज्ञा चाऊंची होती. पुढे अर्धे जग ज्यांच्या सौजन्यावर लुब्ध झाले, त्या पुरुषाच्या चरित्रातील हे पान त्यांचे चाहते बहुधा न वाचताच उलटतात. १९३५ च्या जानेवारीत त्सुन-यी येथील बैठकीत त्यांनी आपली चूक पदरात घेतली आणि माओ त्से-तुंग यांना वाट करून दिली. तेथून पुढे मरेपर्यंत ते दुसऱ्या स्थानावरच राहिले. पहिल्याची अभिलाषा त्यांनी धरल्याचे दिसत नाही.

भारताला त्यांची ओळख पटली ती पंचशीलाच्या निमित्ताने. २९ एप्रिल १९५४ चा तिबेटविषयक करार आणि त्याच वर्षीच्या जूनमधील दिल्लीभेट यांनी लोकांच्या मनात मोठी आशा निर्माण केली. पुढच्याच वर्षी बांडुंग परिषदेसाठी एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून हाँगकाँगला गेले. चाऊ त्यात असतील या समजुतीने तेथे त्यात बाँब ठेवला गेला आणि ११ एप्रिल १९५५ रोजी ते समुद्रात कोसळले. चाऊ दुसऱ्या मार्गाने रंगूनला गेले. पण कप्तान जटार यांच्यासह सोळा जण प्राणास मुकले. कर्णिक, दीक्षित व पाठक हे तिघे वाचले आणि कर्णिकांनी त्या अपघातावर पुस्तकही लिहिले.

त्या स्नेहाचा शेवट सर्वश्रुत आहे. १९५४ साली चिनी नकाशांविषयी नेहरूंनी विचारले, तेव्हा ते जुन्या राजवटीचे नकाशे आहेत, असे सांगून चाऊंनी विषय टाळला; २३ जानेवारी १९५९ च्या पत्रात मात्र सीमा विधिपूर्वक कधी ठरलीच नव्हती, अशी भूमिका घेतली. आपल्याकडे याला विश्वासघात म्हणण्याची रीत पडली. तेवढ्याने चित्र पुरे होत नाही. एप्रिल १९६० मध्ये ते दिल्लीला आले ते पूर्वेकडील मागणी सोडून पश्चिमेकडील प्रदेश राखावा, अशा देवाणघेवाणीच्या तयारीने आले होते, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. परंतु १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये चढाई झाली, तेव्हा पंतप्रधानपद त्यांच्याकडेच होते. तिच्या जबाबदारीतून त्यांना मोकळे करणे शक्य नाही.

चिनी प्रजेच्या दृष्टीने याहून मोठा हिशेब घरातला आहे. १९५६ साली चाऊंनी उतावीळ औद्योगिक उद्दिष्टांना आवर घातला होता. माओंना ते रुचले नाही. १९५८ मध्ये त्यांनी चाऊंची भर सभेत झाडाझडती घेतली आणि चाऊंनी पक्षापुढे आपला अपराध कबूल केला. वास्तविक त्यांचेच म्हणणे बरोबर होते. ‘मोठी झेप’ सुरू झाली आणि तिच्यामागोमाग १९५९ ते १९६१ चा दुष्काळ आला. मृतांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत केले जातात. १९५९ मध्ये लूशान येथे फंग तं-हुआय या सेनानीने सत्य लिहून कळविले, तेव्हा चाऊ त्याच्या पाठीशी उभे राहिले नाहीत. नंतर कॅनडा व ऑस्ट्रेलियातून धान्य आणविण्याची खटपट मात्र त्यांनीच केली. घर जळू द्यायचे आणि मग रात्रंदिवस पाणी वाहायचे, अशातला हा प्रकार होता.

१९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत हेच द्वैत अधिक भीषण रूपाने दिसते. रेड गार्डांपासून पेकिंगचा जुना राजवाडा त्यांनी वाचविला. सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग आणि इतर अनेकांना संरक्षण देण्यासाठी नावांची यादी केली. त्याच हातांनी त्यांनी वरिष्ठ नेत्यांची चौकशी करणाऱ्या गटाच्या कागदांवर सह्या केल्या. राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओ-छी यांना ‘देशद्रोही’ ठरविणारा निर्णय त्या गटाच्या कामातून निघाला. १९६९ च्या नोव्हेंबरात ल्यू खायफंग येथे बंदिवासात मरण पावले. स्वतःच्या धाकट्या भावाच्या अटकेलाही चाऊंनी मान्यता दिली.

तंग श्याओ-फिंग यांनी १९८० साली ओरियाना फालाची या इटालियन पत्रकार स्त्रीला दिलेल्या मुलाखतीत चाऊंच्या बाजूने युक्तिवाद केला. चाऊंना मनाविरुद्ध पुष्कळ बोलावे आणि करावे लागले, ते नसते तर हानी अधिक झाली असती, आणि लोकांनी त्यांना क्षमा केली आहे, असा त्याचा आशय होता. तंग यांना हे म्हणण्याचा अधिकार होता, कारण ते स्वतः त्या छळातून गेले होते. तरीही युक्तिवाद पुरा पडत नाही. चाऊ राहिले म्हणून काही माणसे वाचली, हे खरे. पण ते राहिले म्हणूनच राज्ययंत्र चालत राहिले, गाड्या धावल्या, आज्ञा पोचल्या, आणि माओंच्या लहरींना एका कुशल कारभाऱ्याची प्रतिष्ठा मिळाली, हेही तितकेच खरे. वाचलेल्यांची नावे यादीत सापडतात. यंत्राखाली गेलेल्यांची सगळी नावे कोणी लिहून ठेवली? त्यांचे चरित्रकार गाओ वेन-छियेन यांनी पक्षाच्या दप्तरखान्यात काम केल्यावर जे चित्र रेखाटले, ते याच कारणाने पूजकांना बोचले.

९ जून १९७५ रोजी, कर्करोगाने जर्जर झालेले चाऊ, बंदिवासात मेलेल्या मार्शल ह लुंग यांच्या स्मृतिसभेला रुग्णालयातून उठून गेले आणि तसबिरीपुढे सात वेळा वाकले. सप्टेंबरात मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ आली. १९३२ साली शत्रूने ‘वू हाव’ या त्यांच्या टोपणनावाने पक्षत्यागाचे खोटे निवेदन शांघायच्या वृत्तपत्रांत छापविले होते. त्याचे खंडन करणाऱ्या स्वतःच्या १९७२ च्या भाषणाची प्रत त्यांनी मागवून घेतली. सव्वीस वर्षे पंतप्रधान राहिलेल्या त्या माणसाने त्रेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका आळाविरुद्धच्या त्या कागदावर थरथरत्या हाताने सही केली, तारीख घातली, आणि मगच शस्त्रक्रियेसाठी आत नेऊ दिले.