दीड तासाची मुंबई खरंच किती तासांची?



घरातल्या कुणाला उपचारासाठी मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलात न्यायचं ठरतं. मुलगा मोबाइलवर दाखवतो, "नागपूर-मुंबई विमान, दीड तास." मग वाटतं, गटातून कर्ज काढू, पण विमानानंच नेऊ. कर्ज घेण्याआधी या दीड तासाचा हिशोब मांडून पाहू.

नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर. रेल्वेनं तेच ८४०च्या आसपास भरतं, कारण रूळ वर्धा, अकोला, भुसावळ, नाशिक असे वळत जातात. विमान वर गेलं की तासाला साधारण ८०० किलोमीटरचा वेग धरतं. तरी धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं, मुंबईत उतरायची पाळी येणं, हे धरून तिकिटावर दीड ते पावणेदोन तास लिहितात.

पण आपण बल्लारपूरचे. चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे, तरी तिकीट काढून बसायचं विमान आपल्याला नागपूरहूनच. समजा, ते सकाळी ६ला सुटतं. विमानतळावर दोन तास आधी, म्हणजे ४ला हवं. घरून रात्री १२ला निघायचं. पावणेआठला मुंबई, सामान घेऊन परळला ९ वाजतात. झाले ९ तास, तेही रात्रभर बसून.

रेल्वेनं जायचं तर दुपारी निघून नागपूर, रात्री गाडी, सकाळी मुंबई. घरापासून दवाखान्यापर्यंत १७-१८ तास धरा. म्हणजे विमानानं वेळ साधारण निम्मा होतो, दहावा हिस्सा नाही. आणि रेल्वेत रुग्णाला आडवं होता येतं.

आता पैशाचं. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यात दवाखान्याचा दाखला लागतो. तो आधीच मागून ठेवा आणि तिकीट खिडकीवर दाखवा.

मग विमान कधी? रुग्णाला लांबचा प्रवास झेपत नसेल, किंवा तारीख उद्याचीच असेल, तेव्हा. आधी डॉक्टरांना विचारा, विमानप्रवास चालेल का. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, तिचे पैसे लागत नाहीत. मूळ आधारकार्ड, औषधं आणि रिपोर्टची फाइल हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या सामानात देऊ नका. सामान घेणारी खिडकी साधारण तासभर आधी बंद होते. आणि चंद्रपूरकडून जाताना विमानतळ वर्धा रोडवर, शहराच्या अलीकडेच लागतो. बस स्टँडपर्यंत जाऊन उलटं यायची गरज नाही.

तर ताईंनो, कुणी कर्जाचा अर्ज आणला की बैठकीत कागद घ्या. घरून किती वाजता निघणार, दवाखान्याच्या दारात किती वाजता पोचणार, मधे रुग्ण कुठे टेकणार, आणि परतीच्या तिकिटाचं काय, हे चार प्रश्न लिहा. दवाखान्यात पुन्हा पुन्हा जावं लागतं. पहिल्याच फेरीत सगळे पैसे संपले, तर दुसरी फेरी चुकते. उपचार चुकू द्यायचा नाही, एवढं बघा.